सातव्या देवळाचे पाणी

जिला सर्व लोक कुंडमावशी म्हणत, तिचे काम उजाडताच सुरू होत असे, आणि त्या कामाची सुरुवात नाकावर पदर बांधण्याने होत असे. डोंगरावरच्या सात देवळांपैकी शेवटच्या देवळामागे एक दगडी कुंड होते. त्याला बत्तीस पायऱ्या होत्या. वरच्या एकवीस डोळ्यांना दिसत आणि खालच्या अकरा पाण्यात असत. सहा देवळे पाहून आलेले यात्रेकरू या पाण्यात तीन बुड्या मारीत, अंगावरचे वस्त्र पाण्यातच सोडून देत आणि आडोशाला जाऊन कोरडे कपडे घालीत. वस्त्राबरोबर अंगातला रोग आणि मनातले पाप पाण्यात राहते, अशी समजूत होती. पाप राहत होते की नाही, हे कुंडमावशीला ठाऊक नव्हते. वस्त्र मात्र राहत होते, आणि ते बाहेर काढण्याचे काम तिचे होते.

त्यासाठी तिच्याजवळ एक लांब बांबू होता व त्याच्या टोकाला लोखंडी आकडा बसवलेला होता. एक दिवस पाण्यात राहिलेले कापड नुसते जड होते. तीन दिवस राहिलेल्या कापडावर बुळबुळीत साय धरते. आठवडा झालेले कापड आकडा लागताच फाटते, अर्धे वर येते आणि अर्धे पुन्हा तळाला जाऊन बसते. अशा कापडांचा हातभर थर तळाशी साचला होता. त्याच्याखाली कधीकाळी जिवंत झरा होता. तो बुजला, त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली होती, आणि कुंडात येणारे पाणी नळाचे होते. पाण्यावर तेलाचा तवंग असे, कडेला फुलांचा काळा चिखल असे, आणि ऊन वर आले की कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी पायऱ्या चढून देवळाच्या दारापर्यंत जात असे. तेथे तिच्यात उदबत्तीचा वास मिसळे. मग ती अधिकच असह्य होई.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सोळा वर्षांची होती. हे काम त्या वेळी तिचे सासरे करीत. पहिल्या दिवशी तिने आकड्याला लागलेला एक लंगोट वर ओढला आणि जागच्या जागी ओकली. सासरे हसले नाहीत. त्यांनी तिला तांब्याभर पाणी दिले आणि म्हणाले, "ओकून घे, पोरी. मीही पहिले आठ दिवस ओकतच होतो. इथली घाण ज्याला वाटेनाशी झाली, त्यानं हे काम सोडून द्यावं." तिने हे शब्द गाठीला बांधून ठेवले. पस्तीस वर्षे झाली, सासरे गेले, तापाचे निमित्त होऊन नवराही गेला, पण तिची शिसारी जशीच्या तशी होती. घरी जाऊन ती हात राखेने घासत असे, मग साबणाने घासत असे, आणि तरीही जेवताना चमच्याने जेवत असे.

कुंडाची मूळ कथा तिला सासऱ्यांनीच सांगितली होती. एका राणीच्या सर्वांगाला फोड आले. राजाने तिला वाड्याबाहेर काढले. फिरत फिरत ती या डोंगरावर आली, तेव्हा हे कुंड गाळाने भरलेले होते आणि त्यात पाण्याचा थेंब नव्हता. गाळाखाली देव अडकला आहे, असे तिला स्वप्न पडले. तिने चाळीस दिवस दोन्ही हातांनी गाळ उपसला. चाळिसाव्या दिवशी झरा फुटला, देव वर आला आणि राणीची कातडी स्वच्छ झाली. म्हणून पूर्वी असा नियम होता की ज्याला बुडी मारायची आहे, त्याने आधी पाच टोपल्या गाळ काढावा. सासऱ्यांच्या तरुणपणी लोक तो पाळीत होते.

आता ही कथा सांगण्याचे काम तिच्या धाकट्या दिराकडे होते. त्याला सर्वजण कथेकरी म्हणत. तो गळ्यात ध्वनिक्षेपक अडकवून यात्रेकरूंना सातही देवळे फिरवून आणीत असे. त्याच्या कथेत राणी येते, तीन बुड्या मारते, वस्त्र सोडते आणि सोन्यासारखी होऊन बाहेर पडते. गाळाचे नावसुद्धा नाही.

"भावजी, राणीनं गाळ उपसला ते कुठं गेलं?" असे तिने एकदा विचारले होते.

"वहिनी, आठ तास बसमध्ये आंबून आलेल्या माणसाच्या हातात मी टोपली देऊ? उद्या माझ्यामागं कोण फिरेल? तुम्ही आणि मी. आणि तुम्ही तर माझी कथा सुरू झाली की कानात बोटं घालता."

"कानात नाही, नाकात घालते. तुम्ही कथा सांगता तिथंच वास जास्त असतो."

कथेकऱ्याने ही गोष्ट हसून सोडून दिली. तो मनाने वाईट नव्हता. त्याला फक्त ऐकणाऱ्यांचे चेहरे खुललेले आवडत.

एके दिवशी तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. या बहिणीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आई लवकर गेल्यामुळे तिनेच कुंडमावशीला वाढवले होते. तिचा व्यवसाय शिवणकामाचा होता. शाळेच्या मुलांचे गणवेश शिवून तिने एक मुलगा शिकवला, घर उभे केले आणि गल्लीत मान मिळवला. तिचे यंत्र पायाने चालवायचे होते. आणि आता तिच्या उजव्या पायाची दोन बोटे काळी पडली होती. साखरेचा आजार जुना होता. डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली होती. ही दोन बोटे आताच काढली तर पाय राहील, उशीर झाला तर पाऊलही वाचणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

"मग सोमवारी जाते आहेस ना?" कुंडमावशीने विचारले.

"सोमवार अजून लांब आहे. गुरुवारी मी तुझ्याकडे येते. दुसऱ्या गावच्या बायकांच्या बसमध्ये एक जागा मिळाली आहे. सात देवळं करते, तुझ्या कुंडात पाय बुडवते, मग बघू डॉक्टर काय म्हणतात."

"ताई, ते पाणी चांगलं नाही."

"बारा वर्षं म्हणते आहे, येईन येईन. आता देवानंच बोलावलं तर तू दारात आडवी पडतेस होय?"

गुरुवारी सकाळी ती बसमधून उतरली. अंगावर नवी साडी होती, एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्या पायात मुलाचा मोठा बूट होता, कारण पट्टी बांधलेला पाय चपलेत मावत नव्हता. कुंडमावशीने दुरूनच तो बूट पाहिला. जवळ गेल्यावर तिला वास आला. हा वास ती ओळखत होती. पस्तीस वर्षांत तो तिच्या नाकात बसला होता, पण आपल्या माणसाच्या अंगाला तो येईल, असे तिच्या मनात कधी आले नव्हते.

"दुखतं का?"

"अजिबात नाही. तेच तर चांगलं लक्षण आहे," ताई म्हणाली.

तिला काही जाणवतच नव्हते, आणि म्हणूनच ती चालू शकत होती. कुंडमावशीने त्या दिवशी सुटी घेतली आणि ती बहिणीबरोबर निघाली. पुढे कथेकरी, त्याच्यामागे बायका, आणि सर्वांत मागे या दोघी.

पहिल्या देवळातला देव पाठमोरा आहे. त्याची कथा अशी की एका सावकारिणीने उपाशी लेकराच्या तोंडचे दूध काढून देवावर ओतले, तेव्हा देवाने तोंड फिरवले आणि ते पुन्हा वळवले नाही. कथेकऱ्याने ही कथा फार सुंदर सांगितली. दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यानंतर सर्वांनी रांगेने पुढे होऊन देवाच्या पाठीवर दूध ओतले. ते दूध दगडी नाल्यातून बाहेर येत होते, तेथे आधीच्या दिवसांचे नासलेले दूध दह्यासारखे साकळले होते आणि त्यावर माश्यांचे काळे पांघरूण पडले होते.

"अगं, देव कशावर रुसला ते आत्ताच ऐकलंस ना?" कुंडमावशी बहिणीच्या कानाशी म्हणाली.

"तू अशीच होतीस लहानपणी. पानात केस निघाला की घरभर दाखवत फिरायचीस."

दुसऱ्या देवळात देवीच्या दगडी तोंडात पेढे कोंबतात. तेथे मुंग्यांची रांग देवीच्या डोळ्यांत शिरून कानातून बाहेर येत होती. तिसऱ्या देवळात पावले आहेत. त्यावर कपाळ घासून घासून मेणचट थर बसला आहे, त्यात आपलेही कपाळ प्रत्येकाने घासले. चौथ्या आणि पाचव्या देवळांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. तेथे गर्दी कमी होती, म्हणून घाणही कमी होती, आणि कथेकऱ्यानेसुद्धा तेथील कथा घाईघाईने उरकल्या.

सहाव्या देवळाची कथा एका स्त्रीची आहे. नवरा विहिरीत पडला तेव्हा तिने आपले केस कापून त्यांचा दोर वळला आणि त्याला वर काढले. म्हणून तेथे बायका आपले केस कठड्याला बांधतात. कापलेले केस क्वचितच कोणी बांधते. बहुतेक जणी फणीतले गुंतवळ गुंडाळून आणतात. सर्व कठडे, झाडाच्या सर्व फांद्या आणि घंटेची साखळीसुद्धा या काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या गुंतवळांनी लगडलेली होती. वारा आला की ते गालाला लागत. एका बाईच्या तोंडात केस गेला. ती थुंकली आणि लगेच देवीची क्षमा मागू लागली.

"थुंकण्याबद्दल क्षमा कसली मागायची?" कुंडमावशी म्हणाली.

"आता गप्प बस," ताई म्हणाली. "तुझ्या नाकाला सांग, आज सुटी आहे म्हणावं." पण तिने आपला पदर तोंडावर ओढून घेतला होता, हे धाकटीच्या नजरेतून सुटले नाही.

दुपारी सर्वजण कुंडावर पोहोचले. ताई पायरीवर बसली, तिने बूट काढला आणि पट्टी सोडू लागली. पट्टीचा शेवटचा वेढा जखमेला चिकटला होता. तो तिने जराही न कण्हता ओढून काढला. दोन बोटे जळक्या लाकडासारखी होती. त्यांच्या मुळाशी पिवळसर पाणी होते, आणि आजूबाजूचे मांस सुजून चकाकत होते. बसमधल्या बायकांनी माना फिरवल्या.

"ताई, मी पाया पडते. या पाण्यात हा पाय घालू नकोस. सोमवार उजाडायच्या आत तुझा पाय गुडघ्यापर्यंत जाईल."

"वहिनी," कथेकरी मध्येच म्हणाला, "हजारो माणसं इथं बरी होऊन गेली. तुमच्या तोंडून असं बोलणं शोभत नाही."

"हजारातलं एक दाखवा, भावजी. पत्ता द्या त्याचा."

"पुरे झालं," ताई म्हणाली. "तुला इथं राहून घाणच दिसते. मला राणी दिसते."

बहिणीला घाणीची भीती घालून उपयोग नाही, हे कुंडमावशीला कळून चुकले. मग तिने कोपऱ्यातला बांबू आणला आणि बहिणीसमोर आडवा धरला.

"राणी दिसते ना? मग राणीनं जे केलं ते पुरं कर. तिनं आधी गाळ उपसला आणि मग ती बरी झाली. पूर्वी पाच टोपल्या काढल्याशिवाय कोणी पाण्याला पाय लावत नसे. मामंजी स्वतः उभे राहून मोजून घ्यायचे."

"हे खरं का हो, भावजी?" ताईने विचारले.

कथेकऱ्याने देवळाच्या दाराकडे पाहिले, गळ्यातला ध्वनिक्षेपक बंद केला आणि म्हणाला, "जुनी माणसं तसं सांगायची." एवढे बोलून तो देवळात निघून गेला.

"मग तसंच करायचं. अर्धं व्रत मला नको," ताई म्हणाली, आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून तिने आकडा पाण्यात सोडला.

शिवणकाम करणाऱ्या बाईचे हात ताकदीचे असतात. पहिल्यांदा एक सदरा वर आला. तिने सवयीने त्याची शिवण पाहिली आणि म्हणाली, "उसवणारच. टाका लांब घातला आहे." बायका हसल्या. दुसऱ्यांदा एक झबले वर आले. तेव्हा कोणी हसले नाही. त्याला चिकटून काळा चिखल आला आणि चिखलात पांढरे किडे वळवळत होते. ताईचा चेहरा बदलला, पण तिने पुन्हा आकडा टाकला.

तिसऱ्यांदा लांबच लांब पट्टी वर आली. ती दवाखान्यातली होती, कडेला निळा धागा असलेली, ताईने नुकतीच सोडलेली तशीच. ती ओढता ओढता संपेना. तिच्यात हिरवट झालेला कापूस गुंतला होता, आणि टोकाला कोणाच्या तरी पायाचे जाड, पिवळे, अख्खे नख चिकटलेले होते.

ताईने आपल्या मांडीशेजारच्या पट्टीकडे पाहिले आणि मग आकड्यावरच्या पट्टीकडे पाहिले.

"अशा किती निघतात?"

"रोज निघतात. कधी दहा, कधी वीस."

"आणि ती माणसं? बरी होतात?"

"माझ्यापर्यंत पट्ट्या येतात, ताई. माणसं परत येत नाहीत."

ताईच्या हातातून बांबू सुटला. ती तेथेच वाकली आणि पोटात होते नव्हते ते सर्व ओकली. धाकटीने तिचे कपाळ धरून ठेवले. ओकून झाल्यावर ताईने तिचा हात झटकला, पिशवीतल्या कोरड्या फडक्यात आपला पाय गुंडाळला आणि बुटात घातला.

"तू माझा देव नासवलास," ती म्हणाली. एवढेच बोलून ती बसमध्ये जाऊन बसली. बस निघाली तेव्हा तिने खिडकीतून बाहेर पाहिले नाही.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. भाच्याने फोन करून कळवले की दोन बोटे काढली, पाऊल वाचले. डॉक्टर म्हणाले की आणखी चार दिवस गेले असते तर काही सांगता आले नसते. दोन महिन्यांनी यंत्र पुन्हा सुरू झाल्याचेही त्यानेच कळवले. ताईने स्वतः एकदाही फोन केला नाही. कुंडमावशीला याचे वाईट वाटले, परंतु पाऊल वाचले होते, आणि त्यापुढे रुसवा सहन करता येत होता.

तिसऱ्या महिन्यात ताईच्या गल्लीतून अकरा माणसे आली. त्यांच्या पुढे एक जाड आवाजाची बाई होती. ती ताईच्या घरासमोर राहत असे. कोणाच्या हाताला फडके होते, कोणाच्या मानेला गाठ होती, आणि एक म्हातारा पहारेकरी होता, त्याच्या पायाला पट्टी होती. कथेकरी त्यांच्याबरोबर होता आणि त्याचे डोळे चमकत होते.

"वहिनी, घरात एवढी मोठी कथा घडली आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत," तो म्हणाला.

"कसली कथा?"

जाड आवाजाच्या बाईने सांगितले, "अहो, तुमच्या ताईंनी इथं तीन बुड्या मारल्या. पाय पार सडला होता. देवानं दोन बोटं ठेवून घेतली आणि पाय परत दिला. आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आता घरातल्या घरात धावतात."

कुंडमावशीने बांबू उचलून पुढे केला. "बुडीआधी गाळ काढायचा असतो. आधी हा धरा."

बाई हसू लागली. "ताई म्हणाल्याच होत्या की माझी बहीण तुम्हाला कामाला लावेल, तिचं ऐकू नका."

मग कुंडमावशीने सर्वांच्या समोर बहिणीला फोन लावला आणि सर्वांना ऐकू जाईल असा ठेवला. पलीकडे यंत्र चालत होते. तिचा आवाज ऐकताच ते थांबले.

"ताई, तुझ्या गल्लीतली माणसं माझ्यासमोर उभी आहेत. त्यांना एवढंच सांग की तू पाण्यात उतरली नव्हतीस."

पलीकडे कात्रीने धागा तोडल्याचा आवाज आला.

"उतरले होते," ताई म्हणाली. "तीन बुड्या मारल्या. तू कामात असतेस, तुला आठवत नसेल."

अकराही जणांनी एकमेकांकडे समाधानाने पाहिले. कुंडमावशीने फोन कानाला लावला. आता ताईचा आवाज हळू झाला होता आणि फक्त तिलाच ऐकू येत होता.

"बारा वर्षं सगळ्यांना सांगत होते, जाणार जाणार. परत येऊन काय सांगू? ओकून आले म्हणून?" आणि यंत्र पुन्हा सुरू झाले.

माणसे पायऱ्या उतरू लागली. कथेकऱ्याने राणीची कथा सुरू केली होती, आणि तिच्या शेवटाला आता एक शिवणकाम करणारी बाई जोडली होती. म्हातारा पहारेकरी सर्वांत शेवटी राहिला. तो कठड्याला धरून पट्टी सोडत होता.

"काका," कुंडमावशी म्हणाली, "तिची बोटं डॉक्टरांनी कापली. पाय डॉक्टरांनी वाचवला. मी खोटं कशाला सांगू?"

"कापली असतील," तो शांतपणे म्हणाला. "पण डॉक्टरांचा हात कोणी चालवला, बाई?"

सोडलेली पट्टी त्याने पाण्यात टाकली. मग दोन्ही चपला काढून त्याने तिच्यापुढे धरल्या. "या जरा सांभाळा. इथं ठेवल्या तर कोणीतरी नेईल."

ती काही बोलायच्या आत तो पायऱ्या उतरूही लागला. कुंडमावशीने त्या चपला हातात धरल्या. तो तिसरी बुडी मारून वर येईपर्यंत ती तशीच उभी राहिली. एक चप्पल आतून ओली आणि चिकट होती, आणि दोन्ही अजून गरम होत्या.